ओसेनचा नॉर्वे आणि आमचे मावळ

प्रमाण मराठी म्हणजे शुद्ध मराठी आणि बाकीच्या बोली म्हणजे तिची बिघडलेली रूपे, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की ज्यांची बोली बिघडलेली ठरवली गेली त्यांनाही ती खरी वाटते. मी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या परिसरात इतिहास शिकवतो. माझ्या वर्गातली मुले हिरडस मावळातून, गुंजण मावळातून, वेळवंड खोऱ्यातून येतात. वर्गाबाहेर ती भडाभडा बोलतात आणि वर्गात उभे केले की गप्प होतात. उत्तर ठाऊक नसते म्हणून नव्हे. ठाऊक असलेले उत्तर पुस्तकातल्या मराठीत कसे बसवायचे याची जुळवाजुळव चालू असते, तोवर पुढच्या बाकावरचा कुणी बोलून मोकळा होतो. हे गप्प बसणे कोठून आले हा मला व्याकरणाचा प्रश्न वाटत नाही. तो इतिहासाचा प्रश्न आहे. आणि तो नीट मांडायचा तर आपल्याच अंगणात घुटमळून चालणार नाही, कारण आपल्या अंगणातल्या गोष्टी आपल्याला नैसर्गिक वाटू लागतात. म्हणून युरोपच्या उत्तर टोकाला, स्कँडिनेव्हियात, डोकावून पाहू.

स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वे या तीन देशांच्या भाषा पुस्तकात तीन आहेत. पण या देशांतली माणसे आपापल्या भाषेत बोलली तरी त्यांना एकमेकांचे पुष्कळसे कळते. मग भाषा तीन का? सिंहासने तीन होती म्हणून. स्वीडनच्या राजाने १५४१ मध्ये स्वीडिशमध्ये बायबल छापवले, डेन्मार्कच्या राजाने १५५० मध्ये डॅनिशमध्ये. नॉर्वे त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होता. त्याला स्वतःचा राजा नव्हता, म्हणून स्वतःचे बायबलही नव्हते. चर्च, कचेरी आणि शाळा या तिन्ही ठिकाणी डॅनिश बसली आणि नॉर्वेच्या दऱ्याखोऱ्यांतला शेतकरी जे बोलत होता ते ‘गावंढळ’ झाले. १८१४ मध्ये नॉर्वे डेन्मार्कच्या हातून सुटला. १९०५ पर्यंत तो स्वीडनच्या राजाखाली होता, पण त्याला स्वतःची राज्यघटना आणि स्वतःची संसद मिळाली. लिहिण्याची भाषा मात्र डॅनिशच राहिली. सरकारी अंमलदार, पाद्री आणि व्यापारी तीच भाषा नॉर्वेच्या उच्चारात बोलत आणि तिलाच सुसंस्कृत बोलणे म्हणत. पुण्याची एक विशिष्ट पेठ आठवावी असे हे चित्र आहे.

अशा वेळी ईवार ओसेन नावाचा माणूस पुढे आला. जन्म १८१३, पश्चिम नॉर्वेतल्या एका लहान शेतकऱ्याच्या घरात. आईबाप लवकर गेले. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. जे शिकला ते स्वतः शिकला आणि अठराव्या वर्षापासून गावात पोरे शिकवू लागला. १८४२ पासून १८४६ पर्यंत तो नॉर्वेच्या खोऱ्याखोऱ्यांतून हिंडला. शेतकऱ्याला, गुराख्याला, म्हातारीला बोलते करायचे आणि ऐकलेले टिपून घ्यायचे, एवढेच त्याचे काम. त्यातून १८४८ मध्ये लोकभाषेचे व्याकरण निघाले आणि १८५० मध्ये सुमारे पंचवीस हजार शब्दांचा कोश. त्याने सिद्ध करून दाखवले की शेतकऱ्याच्या बोली या डॅनिशची मोडतोड नव्हेत. त्या प्राचीन नॉर्स भाषेच्या थेट वारस आहेत. कचेरीतली भाषा परकी, शेतातली भाषा मूळची. या बोलींच्या सामाईक पायावर त्याने लेखनाची एक नवी भाषा उभी केली. तिला पुढे १९२९ पासून ‘न्यूनोर्स्क’, म्हणजे नवी नॉर्वेजियन, म्हणू लागले. जुन्या डॅनिश वळणाच्या भाषेला ‘बूकमोल’, म्हणजे पुस्तकी भाषा, हे नाव पडले. (नावातच कबुली आहे!)

ओसेनचे हे वाचताना मला माझी आजी आठवते. ती ‘म्या सांगितलं’, ‘म्या क्येलं’ असे म्हणे. शाळेत मी ‘म्या’ म्हणालो तेव्हा सगळा वर्ग हसला होता. पुढे जुनी मराठी अभ्यासताना कळले की ‘मियां’, ‘म्यां’ हे रूप ज्ञानेश्वरांच्या काळापासूनचे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या छापील पुस्तकांतही ‘म्यां’ सर्रास आढळते. म्हणजे प्रमाण मराठीने ते रूप टाकून दिले आणि मावळातल्या म्हातारीने जपून ठेवले. टाकणारा शुद्ध ठरला आणि जपणारी अडाणी ठरली. ‘न’ आणि ‘ण’चेही तसेच. मावळातला माणूस ‘पानी’ म्हणाला की त्याची जात, गाव आणि इयत्ता काढली जाते. हिंदी बोलणारा तोच शब्द तसाच उच्चारतो आणि ती शुद्ध हिंदी असते. मग दोष ‘न’चा नाही, तो कोणाच्या तोंडून येतो याचा आहे. एका नोकरीच्या मुलाखतीत माझ्या तोंडून असाच एक ‘न’ निसटला. समोरच्या तिघांपैकी दोघांनी एकमेकांकडे पाहिले. विषयाच्या ज्ञानाविषयी पुढे कोणी फारसे विचारले नाही.

आता दोन तारखांकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. १८७८ मध्ये नॉर्वेच्या संसदेने ठराव केला की खेड्यातल्या सामान्यांच्या शाळांत शिकवणे शक्य तितके मुलांच्या स्वतःच्या बोलीत झाले पाहिजे. त्याच १८७८ च्या मे महिन्यात पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पहिली मराठी ग्रंथकार सभा भरली. पुढे १२ मे १८८५ रोजी नॉर्वेच्या संसदेने ओसेनच्या लोकभाषेला शाळेत आणि शासनात पुस्तकी भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. त्याच महिन्यात, २४ मे १८८५ ला, पुण्यात दुसरी ग्रंथकार सभा झाली. तिचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले आणि त्यांनी ते परत केले. जे लोक माणसांचे हक्क माणसांना उघडपणे देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. एकाच महिन्यात तिकडे शेतकऱ्याची भाषा संसदेत बसत होती आणि इकडे शेतकऱ्यांचा लेखक सभेबाहेर राहणे पसंत करत होता.

असे का घडले? आपल्याकडे ओसेन जन्मला नाही म्हणून, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खोटे आहे. आपल्याकडची भाषेची घडण कोणी केली ते पाहा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. साहेब कष्टाळू होता. कोश आजही उपयोगी पडतो आणि त्यात गावगाड्याचे पुष्कळ शब्द आहेत. पण साहेबाच्या हाताखाली शब्द गोळा करायला आणि त्यांची पारख करायला बसले होते ते ब्राह्मण शास्त्री. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. दादोबा ब्राह्मण नव्हते आणि जातिभेदाचे विरोधकही होते, तरी व्याकरणाचा साचा संस्कृत आणि इंग्रजी. मेजर कँडी हे पुण्याच्या पाठशाळेचे प्रमुख आणि सरकारचे मराठी भाषांतरकार. शाळेची क्रमिक पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. पन्नास वर्षांत पुण्याच्या शिकलेल्या घरांचे बोलणे सगळ्या महाराष्ट्राची लेखी भाषा झाले. यात कोणी कट केला असे मी म्हणत नाही. ज्याच्या हाती बोरू होता त्याने आपल्या घरचे लिहिले, इतकेच. पण पुढे बोरूचे शस्त्र झाले. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू झाली. ‘गुलामगिरी’ १८७३ चीच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या लिखाणाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. फुल्यांच्या आरोपांना उत्तर देण्यापेक्षा त्यांची वाक्यरचना तपासणे सोपे होते. तेव्हापासून आजपर्यंत ही युक्ती चालू आहे. दलिताने लिहिले की आधी त्याचे शुद्धलेखन पाहायचे.

फुल्यांना या दुखण्याचे मूळ दिसले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यात खेड्यातल्या शाळांत मोडी आणि बाळबोध, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे आणि शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी मागणी आहे. नॉर्वेच्या १८७८ च्या ठरावाशेजारी ठेवून वाचण्यासारखा हा मजकूर आहे. तिकडे ठराव झाला आणि इकडे निवेदन दप्तरात गेले. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. म्हणजे लिहिणारे हात नव्हते असेही नाही.

फरक हाताखालच्या जमिनीत होता. नॉर्वेचा शेतकरी मुख्यतः स्वतःच्या शेताचा मालक होता. तिथे सरंजामदारी कधी फारशी रुजली नव्हती आणि उरलीसुरली सरदारकी संसदेने १८२१ मध्ये कायद्याने मोडीत काढली. १८१४ च्या घटनेने जमीनधारक शेतकऱ्याला मत दिले. १८३७ पासून गावाचा कारभार निवडलेल्या मंडळांकडे गेला. १८८४ मध्ये शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या पक्षाने राजाला नमवून मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार केले आणि दुसऱ्याच वर्षी भाषेचा ठराव झाला. क्रम लक्षात घ्यावा: आधी सातबारा, मग मत, मग सत्ता आणि शेवटी भाषा. ओसेनची विद्वत्ता मोठीच, पण तिच्यामागे हे बळ नसते तर त्याचा कोश एखाद्या ग्रंथालयात धूळ खात पडला असता.

आता भोरकडे या. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस शंकराजी नारायणांपासून त्याची परंपरा सुरू होते. ‘सचिव’ हे नावच भाषेच्या राजकारणातून आलेले आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळात, १६७४ च्या सुमारास, फारसी पदनामे संस्कृत करण्यात आली, ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि ‘सुरनीस’चा ‘सचिव’ झाला. सचिवाचे काम काय? राजपत्रे तपासणे, मजकुरातले अधिक-उणे दुरुस्त करणे. मजकूर दुरुस्त करणाऱ्याच्या घराण्याला एक संस्थान मिळाले, ते आमचे. तालुक्यांना किल्ल्यांची नावे होती: विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. गडांना नावे पुन्हा पुन्हा मिळतात. आमच्या वस्तीला कित्येक पिढ्या ‘महारवाडा’ हे एकच नाव होते.)

या गावगाड्यात महाराचे काम होते सांगावा पोचवण्याचे, सरकारी कागद आणि सारा ठाण्यावर नेण्याचे, वेशीवर राखण करण्याचे, गावची शीव सांगण्याचे. शिवेचा तंटा पडला की महाराला उभे करत. त्याने दाखवलेली शीव मानली जाई. म्हणजे त्याचे बोलणे पुरावा होते, पण ते बोलणे कागदावर उतरवणारा कुलकर्णी होता. मोडीतला कागद महार कोसच्या कोस वाहून नेई, मात्र त्यात काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे. त्याच्याविरुद्ध लिहिलेला कागदही त्यानेच नेलेला असण्याचा संभव आहे. चोखोबांचीही गोष्ट अशीच सांगतात. अभंग त्यांचे, पण ते लिहून ठेवणारा अनंतभट्ट. आवाज एकाचा आणि लेखणी दुसऱ्याची ही वाटणी सहाशे वर्षांची आहे. आणि जमीन? महार वतन हे मालकीपेक्षा वेठीचेच साधन होते. बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात १९२८ मध्ये त्याविरुद्ध विधेयक आणले. वतने कायद्याने खालसा व्हायला १९५८ उजाडले. ओसेनच्या शेतकऱ्याकडे जे सारे आधीपासून होते त्यातले आमच्याकडे काहीच नव्हते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग आपणही मावळी बोलीचा झेंडा उभारू या, मावळीत पाठ्यपुस्तके काढू या. नॉर्वेच्या उदाहरणाने हुरळून जाणाऱ्या या मित्रांना मी थोडे थांबायला सांगेन.

न्यूनोर्स्क ही शेतकऱ्याची भाषा होती हे खरे, पण कोणत्या शेतकऱ्याची? नॉर्वेत जमीनमालक शेतकऱ्याच्या बांधावर झोपडी घालून राहणारा, त्याच्याकडे राबणारा भूमिहीन कुळांचा मोठा वर्ग होता. त्यातल्या बहुतेकांना १८९८ पर्यंत मत नव्हते. ओसेनने जुनी रूपे जपणाऱ्या पश्चिमेकडच्या आणि डोंगरातल्या बोली निवडल्या. शहरातल्या कामगारांचे बोलणे त्याला भेसळीचे वाटले. म्हणजे शुद्धतेचे भूत तिथेही होतेच, फक्त त्याचे घर बदलले. याहून वाईट गोष्ट उत्तरेकडच्या सामी या आदिवासींची. ज्या काळात शेतकऱ्याच्या पोराला स्वतःच्या बोलीत शिकण्याचा हक्क मिळाला त्याच काळात सामी पोरांच्या तोंडातून त्यांची भाषा काढून घेतली जात होती. १८९८ च्या सरकारी आदेशाने शाळेत सामी भाषेचा वापर अगदी अडेल तिथेच करावा असे बंधन घातले. १९०२ च्या कायद्याने फिनमार्क प्रांतात सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता येणे आवश्यक ठरवले. सामी संसद भरली ती १९८९ मध्ये. राजाने माफी मागितली १९९७ मध्ये. संसदेने या सगळ्या कारभाराची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला २०२३ मध्ये. आपल्यावरचा अन्याय ओळखणारा माणूस आपल्याखालच्याचा अन्याय ओळखेलच असे नसते.

आमच्या मावळातही ‘पानी’ म्हणणारे दोन आहेत. एक गावठाणातला पाटील आणि दुसरा महारवाड्यातला माझा आजा. बोली एक असली तरी पाणवठे दोन होते. मराठी ग्रामीण साहित्याने बोलीला ग्रंथात मान मिळवून दिला, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातल्या किती कथांना हा दुसरा पाणवठा दिसला? बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांविषयी लिहिताना नेमका हाच इशारा दिला होता. एका भाषेच्या राज्यात एखादी मोठी जात सगळ्यांच्या वतीने बोलू लागते. बोलीच्या चळवळीलाही तो इशारा लागू आहे. म्हणून बाबासाहेबांनी स्वतः काय केले ते पाहावे. ‘मूकनायक’ १९२०, ‘बहिष्कृत भारत’ १९२७. या पत्रांची मराठी प्रमाण आहे, धारदार आहे आणि शिरोभागी तुकोबा-ज्ञानोबा आहेत. साताऱ्यात आणि नागपुरात एकाच वेळी समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. ज्याला कोर्टात, कौन्सिलात आणि लंडनच्या गोलमेजेत भांडायचे आहे त्याला शत्रूच्या शस्त्रागारातली हत्यारे उचलावीच लागतात. मीही हा लेख प्रमाण मराठीत लिहितो आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

शिवाय आमच्या बोलीत आमचा अपमानही साठवलेला आहे, हे नॉर्वेच्या शेतकऱ्याला सांगून कळणार नाही. ‘जोहार मायबाप’ हे आमच्याच बोलीतले शब्द आहेत. रामा, सख्या, गण्या ही आमच्याच बापजाद्यांची हाक मारण्याची नावे आहेत. त्याच वयाचा पाटलाचा मुलगा ‘रामराव’ होता. साठीच्या महाराला दहा वर्षांचे पोर ‘अरे’ म्हणे आणि त्या पोराला तो ‘जी’ म्हणे. या बाबतीत नॉर्वेपेक्षा स्वीडनकडे पाहणे उपयोगाचे. स्वीडिश समाजात एकमेकांना संबोधण्याची मोठी पंचाईत होती. वरच्याला त्याच्या हुद्द्याने, तृतीय पुरुषात बोलायचे. ‘तुम्ही’सारखा जो शब्द होता तो खालच्याला उद्देशून वापरला जाई, म्हणून तो कोणालाच आवडत नसे. १९६७ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख म्हणून ब्रूर रेक्सेड रुजू झाले. त्यांनी पहिल्याच भाषणात जाहीर केले की मी सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘तू’ म्हणणार आणि त्यांनीही मला ‘तू’च म्हणावे. बदल आधीपासून चालू होता, पण थोड्याच वर्षांत सबंध देश ‘तू’वर आला. वरचे सगळे खाली उतरले.

आमच्याकडे समतेची वाट उलट्या दिशेने गेली. आमच्या माणसांना ‘तू’ शतकानुशतके फुकट मिळत होते. त्यांना हवे होते ‘तुम्ही’. जोहार गेला आणि ‘जय भीम’ आला. त्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिले जाते. १९५६ नंतर धोंडू, दगडू, कचरू यांच्या घरी सिद्धार्थ, मिलिंद, राहुल जन्मले. कोणत्याही व्याकरणकाराने ठराव न करता, कोणत्याही संसदेने कायदा न करता, खेड्यापाड्यांत झालेली ही भाषिक क्रांती आहे, आणि भाषेच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला अजून हवी तशी जागा नाही. आमच्या खोऱ्यांत ती पुरती झालेली नाही. तलाठी कार्यालयाच्या दाराशी उभे राहून तासभर ऐकले तर कोणाला ‘अहो’ मिळते आणि कोणाला ‘काय रे’, हे आजही मोजता येते. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी हे मोजून घेतले आहे.

साहित्यात आपण ओसेनचे काम वेगळ्या रीतीने केले. अण्णा भाऊंची ‘फकिरा’ १९५९ ची, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चा, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ चे. या पुस्तकांनी गावाबाहेरचे, झोपडपट्टीतले, मसणवट्यातले शब्द छापखान्यात आणले. ओसेनने म्हातारीचे शब्द टिपून व्याकरण केले. बेबीताईंना टिपणारा लागला नाही, त्यांनी स्वतः लिहिले. हा फरक लहान नाही. पण शाळेचे काय? साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ मध्ये आणखी चार. त्यांत ‘केलं’, ‘असं’ अशा बोलण्यातल्या रूपांना संवादापुरती जागा मिळाली. ही रूपे शिकलेल्या घरांत बोलली जातात. ‘क्येलं’, ‘व्हतं’, ‘इस्तू’ कोणत्या नियमात बसतात? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. आनंद आहे. अभिजात म्हणजे जुनी, आणि जुनी रूपे कोणी जपली ते वर ‘म्या’च्या निमित्ताने सांगितलेच आहे.

नॉर्वेत शेवटी काय झाले तेही सांगतो, कारण आपल्याकडे परदेशची गोष्ट अर्धीच सांगण्याची चाल आहे. न्यूनोर्स्कचा विजय झाला नाही. आज शाळेत ती मुख्य भाषा असलेली मुले शेकडा दहा-बाराच्या घरात आहेत. दोन्ही भाषा हळूहळू एक करण्याचा प्रयत्न झाला. इतिहासकार आणि मजूर पक्षाचे नेते हाल्वदान कूत त्यामागे होते, १९३८ मध्ये त्यासाठी मोठी सुधारणाही झाली. पण १९५० नंतर ऑस्लोच्या सुखवस्तू पालकांनी बंड केले आणि पोरांच्या क्रमिक पुस्तकांतले ‘गावंढळ’ शब्द स्वतःच्या हाताने दुरुस्त केले. सचिवाचा वंश सगळीकडेच असतो! २००२ मध्ये एकीकरणाचे धोरण अधिकृतपणे सोडून देण्यात आले. असे असूनही १८७८ चा तो जुना ठराव मात्र टिकला. नॉर्वेत प्रमाण उच्चार असा सक्तीचा नाही. मंत्री संसदेत आपल्या खोऱ्याच्या बोलीत बोलतो, प्राध्यापक बोलीत व्याख्यान देतो. लिहिताना नियम आहेत, बोलताना कोणी कोणाला दुरुस्त करत नाही.

मला आमच्या तालुक्यांसाठी एवढेच मागायचे आहे. मावळीचे वेगळे पुस्तक नको, लिहायला प्रमाण मराठी शिकवा आणि चांगली शिकवा, इंग्रजीही शिकवा. पण तोंडी उत्तराला ‘न’ साठी अडवू नका. हे करायला शासनाचा निर्णय लागत नाही. या नियतकालिकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांना हे उद्यापासून करता येईल.

आणि त्या शिक्षकांना आणखी एक विचारायचे आहे. ग्रिअर्सनने १९०५ च्या आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात मराठीच्या बोली नोंदवताना ‘घाटी’ हे नाव नोंदवले आहे. मुंबईत ती शिवी आहे. त्याच खंडात ‘काथोडी’ही आहे, म्हणजे कातकऱ्यांची बोली. भोर-वेल्ह्याच्या डोंगरकडेला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. त्यांची पोरे पहिलीच्या वर्गात येतात तेव्हा त्यांना पुस्तकातली मराठी परकी असते आणि आमची मावळीही पूर्ण आपली नसते. पहिल्या दोन-तीन वर्षांतच त्यांतली कित्येक शाळा सोडतात. पटावर कारण लिहितात ‘स्थलांतर’. वीटभट्टीवर जातात हे खरेच आहे, पण भट्टीवरून परत आल्यावर ती वर्गात का येत नाहीत, याचा रकाना पटावर नाही. त्या वर्गावरचा शिक्षक पुष्कळदा आपल्यातलाच असतो, पहिल्या पिढीचा पदवीधर, ‘पानी’साठी स्वतः हसू सोसलेला. त्याला काथोडीतले किती शब्द येतात?